घरची भाजी आणि आपलं हवामान: या चुका टाळा

टोमॅटोचं फूल गळण्याआधी एक खूण दाखवतं. फुलाच्या बारीक देठावर मधोमध गाठ असते, गुडघ्यासारखी. आधी ती गाठ पिवळी पडते, मग तिच्या पुढचा देठ, आणि दोन-तीन दिवसांत नुसता धक्का लागला तरी फूल गाठीपाशी सुटून खाली येतं. झाड हिरवंगार, पानं टवटवीत, कीड कुठेच नाही, आणि कुंडीत मात्र फुलांचा सडा. अशा वेळी बहुतेक जण खत घालतात. त्यातही नत्राचं (नायट्रोजनचं) खत घातलं की पानं आणखी माजतात, फुलं तशीच गळत राहतात. झाडाला खायला कमी पडलेलंच नसतं, त्याला रात्र सोसत नसते.

टोमॅटोला फळ धरायला रात्रीचं तापमान साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस लागतं. रात्र २४ अंशांच्या वर राहायला लागली किंवा १३ च्या खाली गेली की फळं धरण्याचं प्रमाण घसरतं. दिवसा पारा ३५ च्या आसपास गेला तर परागकणच निकामी होतात. हे कळेपर्यंत मी दोन हंगाम खतं बदलण्यात घालवले. त्यानंतर बागेत एक साधा तापमापक टांगला आणि पहाटेचा आकडा लिहायला लागले. तेव्हापासून भाज्यांबद्दलचा कुठलाही सल्ला ऐकला की मनात पहिला प्रश्न येतो: हे सांगणाऱ्याच्या अंगणात हवा कशी आहे? सल्ला बहुधा खोटा नसतोच. तो दुसऱ्या हवेत खरा ठरलेला असतो.

कॅलेंडर बघून पेरणं

बियांच्या पाकिटावर महिना छापलेला असतो, पण बी महिना ओळखत नाही, मातीची ऊब ओळखतं. मटार, पालक, मुळा ही मंडळी माती १० अंशांच्या आसपास असली तरी हळूहळू रुजतात. भेंडी, काकडी, भोपळा यांना माती २० च्या वर हवी. तेवढी नसेल तर बी ओल धरून बसतं आणि उगवायच्या आधी कुजतं. मिरचीचं बी २८ अंशांना आठ-दहा दिवसांत वर येतं, तेच १५ अंशांना महिना घेऊ शकतं. मग आपण बियाण्याला दोष देतो.

उलटंही होतं. लेट्यूसचं बी तापलेल्या मातीत, म्हणजे ३० अंशांच्या वर, झोपी जातं. ओल आहे, बी ताजं आहे, तरी कोंब नाही. ते ओल्या कागदात गुंडाळून दोन-तीन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि संध्याकाळी सावलीत पेरा. गाजराची अडचण वेगळी. त्याला उगवायला दहा-पंधरा दिवस लागतात आणि तेवढ्या काळात वरची बोटभर माती एकदा जरी कोरडी पडली तरी खेळ संपतो. उष्ण हवेत वाफ्यावर ओलं गोणपाट पसरा, रोज उचलून बघा, आणि पहिला कोंब दिसला त्याच दिवशी काढून टाका.

मातीचं तापमान मोजायला खास उपकरण लागत नाही. साधा तापमापक सकाळी बोटभर खोल खोचून पाच मिनिटं ठेवा. चार-पाच दिवस तोच आकडा आला तर त्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. डोंगरावर राहणाऱ्यांनी आणखी एक हिशेब लक्षात ठेवावा: दर १,००० मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. पायथ्याशी भाजी पिकवणाऱ्याचं वेळापत्रक वर चालत नाही, मग तो शेजारच्याच गावातला का असेना.

पाणी: सगळ्यात जास्त झाडं इथे जातात

दुपारी दोन वाजता भोपळ्याची पानं माना टाकतात. बघणाऱ्याचा जीव कळवळतो आणि तो पाण्याचं भांडं उचलतो. थांबा. कडक उन्हात मोठ्या पानांच्या वेली जेवढं पाणी हवेत सोडतात तेवढं मुळांना त्या वेगाने ओढता येत नाही, म्हणून पानं मलूल होतात. माती ओली असली तरी होतात. खरी परीक्षा संध्याकाळी, आणि त्याहून खरी सकाळी. सकाळी उजाडताना पानं ताठ असतील तर झाड ठीक आहे. सकाळीही लोंबत असतील तर मग माती बघा. कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असूनही झाड मलूल असेल तर मुळं कुजली आहेत किंवा मर रोग लागला आहे, आणि आता घातलेलं पाणी त्यात भरच घालेल.

आपल्या शेतकऱ्यांकडे यासाठी एक नेमका शब्द आहे: वाफसा. मातीत ओल आहे आणि हवाही आहे अशी अवस्था. दोन इंच खालची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि टिचकी मारल्यावर फुटला तर वाफसा आहे, पाण्याची गरज नाही. गोळा होतच नसेल तर पाणी द्या. दाबल्यावर बोटांमधून चिखल निघाला तर दोन-तीन दिवस कुंडीकडे नुसतं बघा. मुठीची ही चाचणी कोकणासारख्या दमट हवेत चालते तशी वाळवंटातही चालते, ‘एक दिवसाआड पाणी’ हा नियम मात्र कुठेच धड चालत नाही.

टोमॅटोच्या बुडाशी काळपट, चामड्यासारखा खड्डा पडतो तेव्हा लोक कॅल्शियम शोधायला निघतात. कॅल्शियम बहुतेक वेळा मातीत असतंच. ते पाण्याबरोबर वर चढतं, आणि पाणी कधी चिंब, कधी कोरडं ठाक असं मिळालं की फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. पाण्याचा हात सारखा ठेवला की पुढची फळं चांगली येतात. खड्डा पडलेली फळं काढून टाका, ती सुधारत नाहीत.

कोरड्या हवेत आणखी एक चूक हळूहळू अंगाशी येते. थोडं थोडं पाणी वरवर शिंपडलं की मुळंही वरच राहतात, आणि पाणी उडून गेलं की त्यातले क्षार मागे उरतात. कुंडीच्या काठावर पांढरा पापुद्रा, पानांच्या कडा तपकिरी आणि कुरकुरीत, ही त्याची लक्षणं. महिन्यातून एकदा कुंडीच्या भोकातून भरपूर पाणी वाहून जाईल इतकं सावकाश घाला, म्हणजे क्षार धुऊन निघतात. खाली ताटली असेल तर ती रिकामी करा, नाहीतर तेच क्षार परत वर चढतील.

मुसळधार पावसाच्या प्रदेशात याच्या नेमकं उलट घडतं. तिथे पावसाबरोबर नत्र वाहून जातं, खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात. ढीगभर खत एकदम घालण्यापेक्षा मूठ-मूठ गांडूळखत दर पंधरा दिवसांनी घाला. वाफे जमिनीच्या वर वीतभर उचललेले ठेवा. पिवळेपणा कोवळ्या पानांत असेल आणि शिरा हिरव्या राहिल्या असतील तर तो लोहाचा प्रश्न आहे, आणि सतत चिंब असलेल्या मातीत तो बऱ्याचदा निचरा सुधारल्यावर आपोआप मिटतो.

कुंडीलाही ऊन लागतं

झाडावर शेडनेट असतं, कुंडी मात्र उघडी. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू दुपारी हाताला चटका देते. मुळं आतून त्याच भिंतीला चिकटून वाढतात, आणि तिथली भाजून निघतात. झाड एका बाजूने सुकतं आणि कारण सापडत नाही. उष्ण प्रदेशात कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, बाहेरच्या रांगेला गोणपाट गुंडाळा, किंवा एक कुंडी तिच्याहून मोठ्या कुंडीत ठेवा. मातीची कुंडी पाझरते म्हणून गार राहते, पण तिला पाणी जास्त लागतं. थंड प्रदेशात काळी कुंडी हीच फायद्याची, कारण ती मुळांना ऊब देते.

आच्छादनाचंही असंच आहे. वाळलेलं गवत किंवा पालापाचोळा दोन-तीन इंच पसरायचा हा सल्ला उष्ण-कोरड्या हवेत लाखमोलाचा. थंडीतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या वाफ्यावर तो घातला तर माती ऊन खाऊ शकत नाही आणि रोपं आठवडेच्या आठवडे बसून राहतात. तिथे आधी माती तापू द्या, मग झाका. सतत ओल्या हवेत हेच आच्छादन गोगलगाईंना घर देतं आणि खोड कुजवतं, म्हणून खोडापासून चार बोटं अंतर मोकळं सोडा.

दिवसाची लांबी विसरणं

कांदा लावला, पात सुंदर आली, खाली गड्डा मात्र धरलाच नाही. असं झालं की बहुधा जात चुकलेली असते. कांद्याच्या काही जाती दिवस ११-१२ तासांचा झाला की गड्डा भरायला घेतात, काहींना १४ ते १६ तासांचा दिवस लागतो. विषुववृत्ताजवळच्या देशांत १६ तासांचा दिवस कधी येतच नाही, म्हणून लांब दिवसाची जात तिथे पातीवरच थांबते. ध्रुवांकडच्या देशांत लहान दिवसाची जात वसंतात लावली तर रोप लहान असतानाच गड्डा धरते आणि कांदा गोटीएवढा राहतो. यावर खतपाणी काही करू शकत नाही. बी घेतानाच आपल्या अक्षांशाला चालणारी जात विचारून घ्या.

कोथिंबीर आणि पालक दिवस लांबले आणि हवा तापली की दांडा काढून फुलावर येतात. एकदा दांडा निघाला की कापून फार काही हाती लागत नाही. त्यापेक्षा दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं पेरत राहा.

एकच औषध सगळीकडे

पानांवर पांढरी भुकटी दिसली की ती भुरी. ती पसरायला पानं ओली असावी लागत नाहीत, दिवस कोरडे आणि रात्री दमट असल्या तरी पुरतं. करपा आणि केवडा या पानांवरच्या रोगांना मात्र पानावर ओल टिकायला लागते. म्हणून दमट हवेत संध्याकाळी पानांवर पाणी मारणं ही मोठी चूक. पाणी सकाळी, बुडाशी, आणि खालची जमिनीला टेकणारी पानं काढून टाकलेली. रोपं दाट लावण्याचा मोह तिथे आवरावाच लागतो.

उष्ण-कोरड्या हवेत शत्रू निराळा: लाल कोळी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड. पानांवर बारीक फिकट ठिपके दिसतात, मग पानामागे जाळी. पान पांढऱ्या कागदावर झटका, हलणारे ठिपके दिसले तर तोच. इथे पानांच्या मागच्या बाजूवर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा हाच पहिला उपाय, म्हणजे दमट हवेत जे टाळायचं ते इथे करायचं.

थंडीतली घाई

घरात वाढवलेली रोपं पहिल्या उबदार दिवशी थेट बाहेर लावली की पानं पांढुरकी होऊन भाजतात. सात ते दहा दिवस त्यांना सवय करा. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग हळूहळू ऊन आणि वारा. रोपांची पानं मागून जांभळी दिसली तर लगेच स्फुरद (फॉस्फरस) घालू नका. माती थंड असताना मुळांना असलेलं स्फुरदही नीट उचलता येत नाही, ऊब आली की रंग बहुधा निवळतो.

दव गोठण्याचा धोका निरभ्र, वारा पडलेल्या रात्री सर्वात जास्त. झाकण रात्री उशिरा घालून उपयोग नाही. सूर्य मावळायच्या आत घाला, म्हणजे मातीतली ऊब आत अडकते, आणि कापड जमिनीपर्यंत टेकवा. झाडाच्या शेंड्यावर टोपीसारखं बांधलेलं कापड काही राखत नाही. प्लॅस्टिक वापरायचं तर पानाला चिकटू देऊ नका, जिथे टेकतं तिथे पान जळतं. सकाळी ऊन आलं की काढा. करपलेली पानं लगेच छाटायची घाई नको, नवे कोंब कुठून फुटतात ते दिसेपर्यंत ती आतल्या भागाला पांघरूण देतात.

वेलीला फुलं आहेत, फळ नाही

काकडी, दुधी, भोपळा यांच्यावर आधी नर फुलंच येतात आणि गळतात, त्यात बिघाड काही नाही. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ चिकटलेलं दिसतं. ते पिवळं पडून गळत असेल तर परागीभवन होत नाहीये. नर फूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून त्याचा पुंकेसर मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. भोपळा आणि काकडीचं सकाळी लवकर, दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा संध्याकाळी. उन्हाच्या तडाख्यात, पाण्याची ओढ बसल्यावर काकडी कडू होऊ शकते. दुधी कडू लागला तर मात्र घासभरही खाऊ नका, रस तर मुळीच पिऊ नका. त्यातलं कडू द्रव्य विषारी असतं आणि शिजवूनही ते जात नाही.

आणि ज्यांचा टोमॅटो आत्ता गरम रात्रींमुळे फुलं गाळतो आहे त्यांनी तो उपटू नये. वरचा एक तृतीयांश भाग छाटा, दुपारची सावली द्या, वाफसा सांभाळा, खत थांबवा. रात्री गार व्हायला लागल्या की पानांच्या बेचक्यांतून नवे फुटवे येतील. त्यांच्यावरची फुलं उमलली की सकाळी दहाच्या सुमारास घोसाच्या देठाला बोटाने टिचक्या मारा. पराग आतल्या आत सुटतो, आणि फळ धरलं तर आठवडाभरात देठावरच्या त्या गाठीच्या पुढे, सुकलेल्या पाकळ्यांखाली मोहरीएवढा हिरवा दाणा दिसतो.