मंत्रपुष्पांजलीची गर्दी आणि होस्टिंगचं बिल

चिपळूणला आमचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि श्रावण लागला की आरतीसंग्रह. २०१६ साली त्याच आरत्या एका वेबसाइटवर टाकल्या. एरवी दिवसाला दोन-अडीचशे माणसं फिरकतात. गणेश चतुर्थीला मात्र संध्याकाळी सात ते नऊ अख्खं कोकण एकदम येतं. 'सुखकर्ता दुःखहर्ता' सगळ्यांना पाठ असतं. खरी झुंबड मंत्रपुष्पांजलीच्या पानावर. हातात फुलं-अक्षता, 'राजाधिराजाय प्रसह्य साहिने' आलं की साऱ्या माना मोबाइलमध्ये.

३१ ऑगस्ट २०२२, चतुर्थी, साडेसातची वेळ. मुंबईहून आलेला मेहुणा ताटावरून वर बघत म्हणाला, "भावोजी, गणपतीबरोबर तुमची साइटपण बसली." पडद्यावर ५०८ असा आकडा. त्याचा अर्थ, वाट्याची प्रोसेसर-मेमरी संपली. मी वर्षाला अडीच हजारांचं 'अनलिमिटेड' होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला भाड्याची जागा, घेतलं होतं. अनलिमिटेड म्हणजे जागा आणि बँडविड्थ (किती डेटा बाहेर जातो ते). एका वेळी किती जणांना पान वाढायचं याला मर्यादा होतीच, ती अटींमध्ये बारीक टाइपात होती. बारीक टाइप मी आयुष्यभर छापत आलोय, पण वाचला नाही.

मदतकेंद्राने अर्थातच मोठा प्लॅन सुचवला. तुमच्यावर ही वेळ आली तर तिथे लगेच हो म्हणू नका. आधी पानाचं वजन करा. क्रोममध्ये पान उघडून एफ-१२ दाबा, नेटवर्क नावाच्या टॅबवर जा आणि पान पुन्हा लोड करा. खाली एकूण किती एमबी आले ते दिसतं. माझं पान ३.८ एमबी निघालं. त्यात बाप्पाचा फोटो २.६ एमबी, चार जाडीचे देवनागरी फॉन्ट, एक सरकती चित्रपट्टी आणि शेअरची बटणं. मंत्रपुष्पांजलीचा मजकूर काही केबी! अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, तरी मजकूर म्हणजे किस झाडाची पत्ती.

आता छापखान्याचा हिशेब लावा. दिवसात ६०,००० वेळा पान उघडलं तर ३.८ एमबीने २२८ जीबी होतात. दहा दिवस निम्म्याने जरी चाललं तरी हजारावर जीबी. हेच पान अॅमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरवर असतं तर? त्यांच्या मुंबई केंद्रातून बाहेर जाणाऱ्या डेटाचा दर जीबीला साधारण ११ सेंट आहे. महिन्याला पहिले १०० जीबी फुकट, पुढच्यावर १८ टक्के जीएसटी. मुख्यतः एका फोटोपायी दहा हजारांच्या वर बिल. आणि तिथे बजेटचा इशारा लावला की मीटर थांबतो असं समजू नका. इशारा नुसता मेल पाठवतो, मीटर पळतच राहतो.

मी फोटो ८०० पिक्सेल रुंदीचा केला, वेबपी या हलक्या फोटोप्रकारात बदलला, ४५ केबीवर आला. मोबाइलवर फरक मलाही कळला नाही, आणि मी रंग बघणारा माणूस आहे. फॉन्ट काढूनच टाकले. आजकालच्या कुठल्याही फोनमध्ये देवनागरी असतं, तेच वापरायचं. चित्रपट्टी गेली, तिला कोणी विचारलंही नाही. पान ७० केबीचं झालं. त्याच ६०,००० वाचकांना आता ४.२ जीबी लागतात.

दुसरं काम कॅशचं, म्हणजे तयार पान साठवून ठेवण्याचं. माझी साइट ज्या वर्डप्रेस सॉफ्टवेअरवर चालते, ते प्रत्येक गिऱ्हाइकासाठी पान नव्याने जुळवतं, म्हणजे पत्रिका मागितली की दरवेळी खिळे जुळवण्यापासून सुरुवात. मंत्रपुष्पांजलीत वर्षानुवर्षं काना-मात्रा बदलत नाही, मग एकदा छापून फडताळात गठ्ठा ठेवायला काय हरकत आहे? कॅशचं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) नेमकं तेच करतं. होस्टिंग लाइटस्पीड नावाच्या सर्व्हर-सॉफ्टवेअरवर असेल तर त्याचंच घ्या, नसेल तर डब्ल्यूपी सुपर कॅश. एक खोच मला उशिरा कळली. फेसबुकवरून येणाऱ्या लिंकला 'एफबीक्लिड' (fbclid) असं शेपूट असतं, दरवेळी वेगळं. कॅशला वाटतं हे नवंच पान, आणि पुन्हा जुळणी. सेटिंगमध्ये ही शेपटं दुर्लक्षित करायची यादी असते, तिच्यात हा शब्द आहे ना ते बघा.

त्याच्याही पुढे मी क्लाउडफ्लेअरचा फुकटचा प्लॅन लावला. ही साइटच्या पुढे उभी राहून तिच्या साठवलेल्या प्रती वाटणारी सेवा. डोमेनचे, म्हणजे साइटच्या नावाचे, नेमसर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारे) बदलायचे, की आलेला माणूस आधी त्यांच्या दारात जातो. पण ते आपणहून फक्त चित्रं आणि तत्सम फाइली साठवतात, पान साठवत नाहीत. हे न कळल्यामुळे २०२३ला मी निर्धास्त होतो आणि पुन्हा धाप लागली. कॅश रूल्समध्ये जाऊन पानंही साठवायला सांगावं लागतं, फक्त लॉगिनचा भाग वगळून. झालं की नाही ते त्याच नेटवर्क टॅबमध्ये कळतं. पानाच्या हेडरमध्ये (पानासोबत येणाऱ्या माहितीत) 'सीएफ-कॅश-स्टेटस' (cf-cache-status) शोधा. 'हिट' असेल तर पान त्यांच्या फडताळातून आलं. 'डायनॅमिक' असेल तर भार अजून तुमच्याच डोक्यावर. उलट बाजूही आहे. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दुरुस्त केली तरी लोकांना जुनंच दिसत राहतं, तेव्हा क्लाउडफ्लेअरमध्ये जाऊन पर्ज, म्हणजे साठवलेलं पुसा, दाबायचं. (चूक कळवणारे काका दर वर्षी फोन करतात. बरोबरच असतात.)

नेमसर्व्हरचं काम आषाढात उरका. बदल सगळीकडे पोचायला एखाद-दोन दिवस लागू शकतात. हरतालिकेच्या रात्री हात लावायचा नाही.

बॉटकडेही, म्हणजे आपोआप साइटी वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमकडेही, एकदा बघा. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये अॅक्सेस लॉग, म्हणजे कोण कधी आलं याची नोंद, असतो. जूनमध्ये, माणूस नसताना, माझ्याकडे जीपीटीबॉट आणि बाइटस्पायडर या बॉटांची ये-जा चालू होती. रोबोट्स-टेक्स्ट फाइलमध्ये 'येऊ नका' लिहिता येतं, पण ती विनंती असते, कुलूप नव्हे. न ऐकणाऱ्याला क्लाउडफ्लेअरमधून अडवायचं.

एवढं करून मग सर्व्हर मोठा हवा का ते ठरवा. मला लागला नाही. ७ सप्टेंबर २०२४च्या चतुर्थीला त्याच अडीच हजारांच्या होस्टिंगवर संध्याकाळ पार पडली. तुमच्या साइटवर लॉगिन, ऑर्डर, पैसे असं काही असेल तर मात्र हे पुरणार नाही. ती पानं प्रत्येकाची वेगळी, ती साठवता येत नाहीत. त्यांच्यासाठी एक-दोन महिने सर्व्हर वाढवून पुन्हा खाली आणता येईल, असं होस्टिंग घ्या. वर्षाचा करार करू नका.

साइटची एक प्रत दुसरीकडे ठेवा. २२ जुलै २०२१च्या पुरात दुकानातला कॉम्प्युटर गेला, तेव्हा पुण्याला बहिणीकडे पेनड्राइव्ह होता म्हणून आरत्या वाचल्या.

आमच्या वाड्यांमध्ये चाकरमानी आले की रेंजच जाते, त्यावर सर्व्हर काय करणार? म्हणून पानावर सगळ्यात वर एक ओळ टाकली: 'आत्ताच स्क्रीनशॉट काढून ठेवा.' दुसऱ्या दिवसापासूनची गर्दी चांगलीच उतरली आणि मला आनंद झाला. मजकुराखाली बारीक टाइपात छापखान्याचं नाव आहे, तेवढं कापू नका म्हणजे झालं.