कोथिंबिरीला फुलं आली? उपटू नका, थांबा जरा

थंडी ओसरायला लागली की कुंडीतली कोथिंबीर एकदम उंच पळत सुटते, पानं शेपूसारखी बारीक होतात आणि वर पांढरी फुलं. दिवस मोठा झाला, ऊन तापायला लागलं की तिला बी धरायची घाई होते, त्यात आपलं काही चुकलेलं नसतं. शेंडे खुडून चार दिवस लांबवता येतं पण एकदा दांडा वर आला की ती काही ऐकत नाही. मी पहिल्या वर्षी अख्खी कुंडी उपटून टाकली होती, अजून हळहळते.

कारण खरी मजा पुढेच आहे ना! फुलं गळाली की हिरवेगार धणे लागतात. एक दाणा नखाने चिरून बघा, कोथिंबीर आणि लिंबाची साल असा मिक्स वास, बोटांवरून लवकर जात नाही. हे हिरवे दाणे जाडसर कुटून दह्यात घाला नाहीतर उकडलेल्या बटाट्यांवर टाका, वर मीठ आणि थोडं तेल, बास. थोडी झाडं मात्र तशीच सोडा, धणे तपकिरी झाले की दांडे कापून कागदी पिशवीत उलटे टांगायचे म्हणजे दाणे आतच गळतात. थोडे मसाल्याला, थोडे पुढच्या थंडीत पेरायला. पेरताना लाटणं हलकेच फिरवून दाणा दुभंगून घ्या, आत दोन बिया असतात.

पालकाचं उलटं आहे, तिथे थांबायचं नाही. मधून दांडा निघताना दिसला की पानं कडवट व्हायच्या आत सगळा काढून घ्या. एवढा पालक एका दिवसात कोण खाणार, म्हणून उकळत्या पाण्यात २ मिनिटं, मग लगेच बर्फाच्या पाण्यात, घट्ट पिळून गोळे करून फ्रीजरमध्ये. उकळल्याशिवाय फ्रीज केलात तर रंग आणि चव दोन्ही जातात. मटारलाही हीच युक्ती, फक्त दीड मिनिट पुरे. गाजरं राहिली असतील तर तीही काढा, फुलावर आली की आतून लाकूड होतात.

रिकाम्या कुंडीत मटाराची मुळं तशीच राहू द्या, वरून कंपोस्ट घाला. दरम्यान घरात ट्रेमध्ये टोमॅटो आणि मिरची पेरून ठेवायची, बी साधारण अर्धा सेंटीमीटर खोल. रोपं ६ ते ८ आठवड्यांची झाली की रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवायची, आठवडाभर तरी, थेट उन्हात ठेवलीत तर पानं पांढरी पडून करपतात. टोमॅटो आठवड्याभरात डोकं वर काढतो, मिरचीला दोन-तीन आठवडेही लागू शकतात, तोवर माती उकरून बघू नका. मी बघते, दरवर्षी.