ऑक्टेव्हवर सिम्बॉलिक पॅकेज बसवताना : लिनक्स, विंडोज आणि मॅकवरचे अनुभव

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी एका गृहपाठासाठी मला काही फलांचे विकलज आकड्यांत नव्हे, तर सूत्ररूपात हवे होते. ऑक्टेव्ह हे आकडेमोडीचे सॉफ्टवेअर मी आधीपासून वापरत होते, म्हणून त्याचे सिम्बॉलिक हे पूरक पॅकेज रात्री बसवले, दोन-तीन उदाहरणे सोडवून पाहिली आणि निर्धास्त झोपले. सकाळी तीच फाइल चालवली, तर ‘सिम्स’ नावाचे काही ठाऊक नाही असा एरर आला. मी पॅकेज पुन्हा बसवले, एरर तोच. तिसऱ्यांदा बसवून झाल्यावर कुठे त्या एररच्या खालच्या दोन ओळी नीट वाचल्या. त्यांत स्पष्ट लिहिले होते की हे फंक्शन सिम्बॉलिक पॅकेजातले आहे, पॅकेज तुमच्याकडे बसवलेले आहे, पण लोड केलेले नाही, आणि ते लोड करण्यासाठी कोणती कमांड द्यायची तेही तिथेच सांगितले होते.

ऑक्टेव्हमध्ये पॅकेज बसवणे आणि ते लोड करणे ही दोन वेगळी कामे आहेत. ‘पीकेजी इन्स्टॉल’ ही कमांड एकदाच द्यायची असते. ‘पीकेजी लोड’ मात्र प्रत्येक वेळी ऑक्टेव्ह नव्याने सुरू केल्यावर द्यावी लागते. (या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, संगणकावर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या आहेत.) रोज हे करण्याचा कंटाळा येत असेल, तर आपल्या होम फोल्डरमधील ‘ऑक्टेव्हआरसी’ या, नावाच्या आधी टिंब असलेल्या फाइलमध्ये ती ओळ लिहून ठेवता येते. काय बसवलेले आहे ते ‘पीकेजी लिस्ट’ या कमांडने दिसते, आणि त्या यादीत ज्या नावापुढे तारांकन असेल ते पॅकेज या क्षणी लोड झालेले आहे असे समजावे. ते तारांकन पाहण्याची सवय मला पहिल्याच दिवशी असती, तर निम्मा दिवस वाचला असता.

ऑक्टेव्ह हे मुळात आकडेमोडीसाठी लिहिलेले मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. जॉन ईटन यांनी १९९२ साली त्याचे पूर्णवेळ काम हाती घेतले आणि १९९४ साली त्याची १.० ही आवृत्ती आली. नावाचा संगीतातील सप्तकाशी संबंध नाही. ऑक्टेव्ह लेव्हेनस्पील या रासायनिक अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांवरून ते ठेवलेले आहे. अक्षरांचे गणित, म्हणजे सूत्ररूपातील विकलन, संकलन, समीकरणे सोडवणे, हे त्याच्या गाभ्यात नाही, आणि म्हणूनच सिम्बॉलिकसारख्या पॅकेजची गरज पडते.

नवख्या माणसाला मी सर्वांत आधी एक गोष्ट सांगते: इन्स्टॉलची कमांड देण्यापूर्वी ते पॅकेज कशाच्या आधारावर उभे आहे ते पाहून घ्या. काही पॅकेजे निव्वळ ऑक्टेव्हच्याच भाषेतील फाइलींची असतात. त्या योग्य जागी ठेवल्या की काम झाले. काही पॅकेजांत सी++ किंवा फोर्ट्रानमधील कोड असतो आणि तो तुमच्याच संगणकावर कंपाइल व्हावा लागतो, म्हणजे संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलावा लागतो, आणि त्यासाठी तिथे कंपायलर हवा. काहींना दुसरे पॅकेज आधी लागते. सिग्नल पॅकेजला कंट्रोल पॅकेज लागते, आणि ते नसेल तर ऑक्टेव्ह अवलंबित्व पूर्ण झालेले नाही असे सांगून थांबते. सिम्बॉलिकचा प्रकार आणखी निराळा आहे. त्याला स्वतःला फारसे काही कंपाइल करावे लागत नाही, पण खरे गणित ते करतच नाही. ते तुमचा प्रश्न पायथन या प्रोग्रामिंग भाषेकडे पाठवते, तिथे सिमपाय ही लायब्ररी तो सोडवते आणि उत्तर ऑक्टेव्हमध्ये परत येते. त्यामुळे सिम्बॉलिक बसले तरी पायथन किंवा सिमपाय जागेवर नसेल तर काहीच चालत नाही. तिन्ही प्रकारांत एरर वेगळे येतात आणि उपायही वेगळे असतात. माझ्या अनुभवात नवखे लोक अडकतात ते बहुधा एका प्रकारच्या अडचणीवर दुसऱ्या प्रकारचा उपाय करत राहिल्यामुळे.

लिनक्सवर माझी पहिली चूक घाईची होती. उबुंटू आणि डेबियनवर ऑक्टेव्हची बरीच पॅकेजे तयार, आधीच कंपाइल केलेल्या स्वरूपात मिळतात. ‘ऑक्टेव्ह-सिम्बॉलिक’, ‘ऑक्टेव्ह-कंट्रोल’ अशी त्यांची नावे असतात आणि ‘एपीटी’ या तिथल्या नेहमीच्या, सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कमांडने ती बसतात. सिम्बॉलिक या मार्गाने घेतले की सिमपायही त्याच्याबरोबर आपोआप येते. मी हे न पाहता थेट ऑक्टेव्हच्या आतून कंट्रोल पॅकेज बसवायला गेले आणि ‘एमकेऑक्टफाइल’ सापडत नाही, असे उत्तर मिळाले. हा ऑक्टेव्हचा कंपाइल करणारा मदतनीस असतो आणि अनेक वितरणांत तो मुख्य ऑक्टेव्हबरोबर न येता ‘डेव्ह’ किंवा, फेडोरावर, ‘डेव्हेल’ असा शेवट असलेल्या वेगळ्या पॅकेजात असतो. ते बसवल्यावर पुढची फजिती झाली. कंट्रोलमध्ये स्लायकॉट नावाची फोर्ट्रान लायब्ररी आहे आणि ती कंपाइल व्हायला वेळ लागतो. पडद्यावर बराच वेळ काहीच हालचाल नाही, म्हणून संगणक अडकला असे समजून मी दोनदा काम मध्येच तोडले. इन्स्टॉलच्या कमांडला ‘व्हर्बोज’ हा पर्याय जोडला की आत काय चालले आहे ते ओळीओळीने दिसते. तेव्हापासून मी त्याशिवाय मोठे पॅकेज बसवत नाही.

लिनक्सवरची दुसरी चूक अधिक त्रासदायक ठरली. परवानगीचा एरर येईल या भीतीने मी एकदा ऑक्टेव्ह ‘सुडो’ लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकारांनी, उघडले आणि पॅकेज बसवले. ते सर्व वापरकर्त्यांसाठीच्या सामाईक जागेत गेले. काही महिन्यांनी नवी आवृत्ती साध्या वापरकर्त्याने बसवली, ती माझ्या होम फोल्डरमध्ये गेली, आणि एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्या दोन ठिकाणी नांदू लागल्या. उत्तरे चुकली नाहीत, पण मदतपुस्तिकेत वाचलेला पर्याय फंक्शन ओळखत नव्हते आणि का, ते कळेना. स्वतःच्या संगणकावर सुडोची मुळीच गरज नसते. ऑक्टेव्ह आपल्या फोल्डरमध्ये पॅकेज ठेवते आणि तेच बरे.

विंडोजवर चित्र उलटे आहे. तिथे ऑक्टेव्हच्या इन्स्टॉलरबरोबर कंपायलर येतो आणि अनेक पॅकेजेही आधीच बसवलेली असतात, त्यामुळे तिथे पहिली कमांड इन्स्टॉलची नसून ‘पीकेजी लिस्ट’ची असावी. मला हव्या असलेल्या पाचपैकी चार गोष्टी तिथे आधीच होत्या. इन्स्टॉलरऐवजी झिप फाइल उतरवून घेतली असेल, तर फोल्डर उघडल्यावर त्यातील ‘पोस्ट-इन्स्टॉल’ ही बॅच फाइल एकदा चालवावी लागते. ती चालवली नाही तर पॅकेजांची यादी तयार होत नाही आणि असलेलीही पॅकेजे दिसत नाहीत. माझ्या विंडोजच्या संगणकावर मात्र निराळेच विघ्न निघाले. वापरकर्त्याचे नाव मी नाव-आडनाव मध्ये जागा सोडून दिले होते, आणि कंपाइल करताना जी शेल स्क्रिप्ट चालते ती मोकळ्या जागेपाशी पाथचे, म्हणजे फाइलच्या पूर्ण पत्त्याचे, दोन तुकडे करते. एररमध्ये माझ्या नावाचा अर्धाच भाग दिसत होता, त्यावरून ते लक्षात आले. रोमन लिपीबाहेरची अक्षरेही पाथमध्ये असाच त्रास देऊ शकतात. नवा संगणक घेतल्यावर वापरकर्त्याचे नाव एकसलग, साध्या रोमन अक्षरांत ठेवावे. नंतर ते बदलणे फार किचकट असते.

मॅकवर मी स्वतः फार काम केलेले नाही, पण एका सहाध्यायीच्या संगणकावर दोन वेळा हेच काम करून दिले. तिथे होमब्रू या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनातून ऑक्टेव्ह घेणे सोपे पडते. कंपायलरसाठी अ‍ॅपलची कमांड लाइन टूल्स लागतात, आणि मॅकओएसची मोठी आवृत्ती बदलली की ती पुन्हा बसवावी लागू शकतात. ‘डेव्हलपर पाथ’ अवैध आहे असा एरर आला की दोष ऑक्टेव्हचा नसून तिथला असतो. इंटेलच्या मॅकवर होमब्रू ‘यूएसआर’मधील ‘लोकल’ फोल्डरमध्ये राहते, तर अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर ‘ऑप्ट’मधील ‘होमब्रू’ फोल्डरमध्ये. जुन्या सूचनांमधील पाथ नव्या मॅकवर जसेच्या तसे चालत नाहीत ते यामुळे. शिवाय होमब्रूने ऑक्टेव्ह अद्ययावत केले की जुन्या आवृत्तीवर कंपाइल केलेली पॅकेजे कुरकुर करू लागतात. ती दुरुस्त करत बसू नये, पुन्हा बसवावीत.

आता सिम्बॉलिककडे परत येते, कारण तिन्ही ठिकाणी माझा सर्वाधिक वेळ खाल्ला तो पायथनने. टर्मिनलमध्ये पायथन उघडून सिमपाय इम्पोर्ट केली की ती बिनतक्रार येते आणि ऑक्टेव्ह मात्र सिमपाय नाही म्हणून हटून बसते, हा प्रसंग जवळजवळ प्रत्येकावर येतो. याचा अर्थ एकच असतो: संगणकावर एकापेक्षा जास्त पायथन आहेत आणि तुम्ही ज्याच्याशी बोलता आहात तो वेगळा, ऑक्टेव्ह ज्याच्याशी बोलते तो वेगळा. ऑक्टेव्हमध्ये ‘सिमप्रेफ डायग्नोज’ ही कमांड दिली की कोणता पायथन बोलावला जात आहे आणि त्यात काय कमी आहे, याचा तपशीलवार अहवाल मिळतो. मग टर्मिनलमधील, सिमपाय असलेल्या पायथनला ‘सिस’ मॉड्यूलमधील ‘एक्झिक्युटेबल’ हे मूल्य विचारावे. तो आपला पूर्ण पाथ सांगतो. तो पाथ ऑक्टेव्हमध्ये ‘सेटएन्व्ह’ कमांडने ‘पायथन’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला द्यायचा. व्हेरिएबलचे नाव पूर्ण कॅपिटल अक्षरांत लिहायचे आणि ही ओळ सिम्बॉलिकचे पहिले फंक्शन वापरण्याआधी यायला हवी, कारण एकदा पायथनशी जोडणी झाली की नंतर पाथ बदलून उपयोग होत नाही. म्हणून मी ती ओळ ऑक्टेव्हआरसी फाइलमध्ये पॅकेज लोड करण्याच्या ओळीच्या वर ठेवते. डेस्कटॉपवरील चिन्हावरून उघडलेले ऑक्टेव्ह टर्मिनलच्या सेटिंग वाचतेच असे नाही, हेही लक्षात असू द्यावे. टर्मिनलमधून उघडले की चालते आणि चिन्हावरून उघडले की चालत नाही, या कोड्याचे उत्तर बहुतेक वेळा तिथेच असते.

सिमपाय बसवण्यासाठी पूर्वी ‘पिप’ या पायथनच्या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाची एक ओळ पुरत असे. डेबियन १२ पासून, नव्या उबुंटूवर आणि होमब्रूच्या पायथनवरही आता पिप नकार देते आणि हे पायथन बाहेरून व्यवस्थापित होते असे सांगते. तो नकार मोडून काढणारा पर्याय पिपमध्येच आहे आणि अनेक जण तो सर्रास सुचवतात. मला तो पटत नाही, कारण त्या पायथनवर ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची कामे चालतात. ‘व्हेन्व्ह’ने वेगळे एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथनची स्वतंत्र जागा, तयार करावे, त्यात सिमपाय बसवावी आणि त्याच एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनचा पाथ ऑक्टेव्हला द्यावा. लिनक्स आणि मॅकवर तो ‘बिन’ फोल्डरमध्ये असतो, विंडोजवर ‘स्क्रिप्ट्स’मध्ये. विंडोजवर पायथन बसवलेला नसतानाही कमांड लाइनवर त्याचे नाव टाइप केल्यास अ‍ॅपचे दुकान उघडते, त्यामुळे पायथन आहे असा समज करून घेऊ नये.

सगळे जुळले की खात्री करून घेण्यासाठी मी नेहमी एकच उदाहरण वापरते. ‘सिम्स एक्स’, म्हणजे एक्स हे अक्षर चल म्हणून वापरायचे असे सांगणारी कमांड, लिहिल्यावर काही सेकंदांचा विराम पडतो आणि पायथनशी संपर्क झाल्याची, सिमपायच्या आवृत्तीसह एक ओळ दिसते. मग एक्स गुणिले ई-घात-एक्स याचे संकलन मागायचे. उत्तर एक्स वजा एक, गुणिले ई-घात-एक्स असे येते. त्याचे पुन्हा विकलन करायचे. इथे पहिल्यांदा मी गोंधळले होते, कारण मूळ फल परत येण्याऐवजी दोन पदांची बेरीज आली. ती चूक नव्हती. ‘सिम्प्लिफाय’ दिल्यावर मूळ फल मिळाले. याच्या जोडीला एक तृतीयांश देऊन पाहावे. एक भागिले तीन हे आधी ऑक्टेव्हमध्ये करून मग ‘सिम’ला, म्हणजे संख्या सूत्ररूपात नेणाऱ्या कमांडला, दिले, तर दशांशातली अपुरी संख्या तिच्या हाती पडते आणि असे करणे धोक्याचे आहे असा इशारा येतो, आधी एकाला ‘सिम’मध्ये घालून मग तीनने भागले की अपूर्णांक नेमका राहतो. हा इशारा म्हणजे इन्स्टॉलेशन बिघडले असे अनेकांना वाटते. तो दिसतो याचाच अर्थ पॅकेज चालू आहे.

इंटरनेट नसलेल्या प्रयोगशाळेत पॅकेजची ‘टार-जीझेड’ ही आकसून बांधलेली फाइल पेन ड्राइव्हवर नेऊन इन्स्टॉलच्या कमांडला तिचे नाव देता येते. ती उलगडू नये, जशीच्या तशी द्यावी. मॅकवरचा सफारी ब्राउझर ती उतरवतानाच परस्पर उलगडून ठेवू शकतो, तेवढे पाहावे. अवलंबून असलेली पॅकेजे मात्र स्वतःच आठवणीने आधी न्यावी लागतात.

इतके करूनही अडलात आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर ‘चालत नाही’ एवढेच लिहू नका. ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिची आवृत्ती, ऑक्टेव्ह कुठून घेतले, ‘पीकेजी लिस्ट’ आणि ‘सिमप्रेफ डायग्नोज’ यांचा पूर्ण मजकूर, आणि एररची शेवटची नव्हे तर पहिली ओळ, हे सारे चित्र म्हणून नव्हे, मजकूर म्हणून द्यावे. माझ्या अर्ध्या नावाचा तो एरर मी सुरुवातीला पडद्याचा फोटो काढून पाठवला होता, आणि नेमकी पाथची ओळ फोटोच्या चौकटीबाहेर राहिली होती.