मेटारायझियम, बिव्हेरियाचा रिझल्ट येईना? या चुका टाळा

"बुरशीचं औषध सोडलं पण काहीच फरक पडला नाही" असं आपल्याकडं दर खरिपात ऐकायला मिळतं, आणि बऱ्याच वेळा दोष पुडीचा नसतो, उन्हाचा असतो. मेटारायझियम आणि बिव्हेरिया या कीड मारणाऱ्या बुरशी, पुडीत त्यांचे जिवंत बीजाणू (बुरशीचं बी) असतात, ते किडीच्या अंगाला चिकटून रुजतात, कातडी भेदून आत शिरतात, तवा कुठं कीड मरते. साधारण २५ ते ३० अंशात हे काम जोरात चालतं, ३५ च्या वर बहुतेक बुरशींची वाढ जवळपास थांबते. आता आपला मे महिना आठवा, ४२ अंश.

माझ्याकडून झालेली चूक सांगतो. स्वस्तात मिळालं म्हणून उन्हाळ्यातच मेटारायझियम आणून पत्र्याच्या शेडात युरियाच्या गोण्यांवर ठेवलं, जुलैत हुमणीसाठी (मुळ्या खाणारी अळी) उसाला आळवणी केली, मंजी औषधाचं पाणी बुडाशी ओतलं, अन् पंधरा दिवसांनी बुडखा उकरला तर पांढऱ्या गुबगुबीत अळ्या तशाच वळून मुळ्या खात बसलेल्या. अख्खा प्लॉट पिवळा पडला, लई वाईट वाटलं. तवापासून पुडी माळवदाच्या थंड खोलीत, कोरडी, आणि लागल तेवढीच आणतो. ओल आणि गरमी एकत्र आली की बीजाणू सगळ्यात लवकर मरतात.

दुसरी चूक दुपारच्या फवारणीची. कडक उन्हातली अतिनील किरणं पानावरचे बीजाणू काही तासातच मारतात, म्हणून पाच वाजल्यानंतर फवारा, मंजी रात्रभराचा गारवा अन् दव मिळतं. पाण्यालाही हात लावून बघा, काळ्या पाइपातलं दुपारचं पाणी चटका देतं, तेच पंपात ओतलं तर काय उरणार?

नाकतोडे तर मुद्दाम उन्हात बसून अंग तापवतात आणि आतली बुरशी रोखतात, इतका फरक तापमानानं पडतो.

डिसेंबरात हरभऱ्यावर उलटं होतं, रात्री १०-१२ अंश, बुरशी मरत नाही पण काम हळू चालतं, आणि लोक चौथ्या दिवशीच घाई करून दुसरं औषध मारतात. थांबा जरा. बुरशीनाशक तर सोबत अजिबात नको.

शंका आली तर मेलेली अळी ओल्या कागदासोबत डबीत सावलीला ठेवा. चार-सहा दिवसात अंगावर पांढरी बुरशी आली तर बिव्हेरिया, पांढरीची पुढं हिरवी झाली तर मेटारायझियम.