एका ट्रेमध्ये मासा आणि भाज्या: बटाटा कच्चा राहण्यावर उपाय

बटाटा शिजेपर्यंत मासा कोरडा ठाक, आणि मासा वेळेवर काढावा तर बटाटा कच्चा. घरात रोज कुणीतरी कुरकुरायचं. आता सगळं एकदम ओव्हनमध्ये घालतच नाही. बटाटा-गाजराचे बोटाच्या पेराएवढे तुकडे तेल-मीठ चोळून २०० अंश सेल्सिअसवर २५ मिनिटं आधी भाजते. कडा तांबूस झाल्या की वर माशाचे तुकडे, पुढे १२-१५ मिनिटं. मासा कागदाने नीट टिपून घ्यायचा, नाहीतर ट्रेमध्ये पाणी साचतं आणि भाज्या भाजण्याऐवजी वाफवल्या जातात. टोमॅटोही माशाबरोबरच, त्याला फार पाणी सुटतं. गर्दी झाली तर सरळ दुसरा ट्रे घ्यावा. सुरीचं टोक लावताच माशाच्या पाकळ्या सुटल्या की झालं. लिंबू वाढताना.