अंगावर पित्त उठलं आणि श्वास लागला? या चुका टाळा

माझ्या नवऱ्याला आतापर्यंत तीनदा जोरदार रिअ‍ॅक्शन आलीय. कशाने ते अजून सापडलेलं नाही, सगळ्या टेस्ट झाल्या आणि शेवटी फाईलवर 'इडिओपॅथिक अ‍ॅनाफिलॅक्सिस' असं लिहून आलं, म्हणजे अ‍ॅलर्जीसारखी जीवघेणी रिअ‍ॅक्शन, पण कारण माहीत नाही. तेव्हापासून नात्यात कुणाला असं काही झालं की मला फोन येतो आणि दर वेळी त्याच त्या चुका ऐकून जीव कासावीस होतो.

पहिली चूक म्हणजे "काही नाही, पित्त उठलंय". गांध्या आल्या की आमसुलाचं पाणी चोळायचं हे आपल्या हाडात भिनलंय. नुसत्या गांध्या असतील तर चोळा, माझी ना नाही. पण सोबत आवाज घोगरा झाला, जीभ सुजली, छातीत घरघर, चक्कर, एकामागून एक उलट्या यातलं काही सुरू झालं तर ते पित्त नाही. आणि काही वेळा तर गांध्या येतच नाहीत.

आमच्याकडे पहिल्या वेळी हेच झालं. रात्री जेवून अर्धा तास झाला असेल, ह्यांचे तळहात खाजायला लागले, पलंगाच्या कडेवर हात घासत बसले होते. सासूबाईंनी आमसुलं भिजत घातली, मी सेट्रिझिन दिली आणि गुण येईल म्हणून घड्याळ बघत बसलो. ह्यांनी मला दोनदा सांगितलं, "मला काहीतरी वाईट होणार असं वाटतंय." मी म्हटलं घाबरू नका. ही भावनासुद्धा एक लक्षण असते हे मला नंतर कळलं. सेट्रिझिन, अ‍ॅव्हिल खाज कमी करतात, बंद होणारा घसा आणि पडलेलं बीपी त्यांच्याने सावरत नाही. तिथे अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, आणि लवकर.

दुसरी चूक त्याच रात्रीची. तोंड धुवायला म्हणून उठले आणि बेसिनपाशीच कोसळले. मग शेजारी म्हणाले बाईकवर नेऊ, दोघांच्या मधे बसवलं, गेटपर्यंत जाईतो मान टाकली. वाचले ते दवाखाना कोपऱ्यावर होता म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं की या वेळी रक्तवाहिन्या सैल पडतात, उभं केलं किंवा बसवलं की रक्त पायात उतरतं आणि हृदयाकडे पोचतच नाही. त्यामुळे माणसाला आडवं करा, पायाखाली उशा द्या. श्वास लागत असेल तर पाय लांब करून टेकून बसू द्या, गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर. चालवायचं नाही, बाथरूमलासुद्धा नाही! १०८ ला फोन करून स्पीकरवर ठेवा.

आमच्या घरी आता डॉक्टरांनी लिहून दिलेली अ‍ॅड्रिनलिनची अ‍ॅम्प्युल आणि सिरिंज एका लाल डब्यात असते, कारण ऑटोइंजेक्टर (डोस आधीच भरलेलं, पेनसारखं इंजेक्शन) आपल्याकडे सहज मिळत नाही. डबा फ्रीजमध्ये नको, उन्हातल्या गाडीत तर नकोच. एक्स्पायरी मी कॅलेंडरवर लिहून ठेवते. ह्यांना ०.५ मिग्रॅ सांगितलंय, पाच मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा डोस. मुलांचा डोस वजनावर ठरतो, तेव्हा आमचा आकडा उचलू नका. आणि व्हिडिओ बघून इंजेक्शन भरायला शिकलो म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, डॉक्टरांसमोर बसून शिका, मी नुसतं पाणी भरून कितीतरी वेळा सराव केला तेव्हा कुठे हात थरथरायचा थांबला.

बरं वाटलं की लगेच घरी पळू नका, काही तासांनी रिअ‍ॅक्शन परत येऊ शकते.

कारण शोधायची घाई ही पण चूकच. आमच्याकडे आधी वांगं बंद, मग शेंगदाणे, मग मासे, माणूस अर्धा झाला. त्यापेक्षा त्याच दिवशी वहीत लिहा, मागच्या सहा तासांत काय खाल्लं, कुठली पेनकिलर घेतली, काय चावलं, व्यायाम किंवा दारू झाली का. काहींना गहू एरवी चालतो, पण खाऊन पळायला गेले की रिअ‍ॅक्शन येते. हे वहीशिवाय कसं कळणार? रिअ‍ॅक्शननंतर पहिल्या काही तासांत ट्रिप्टेजची (अशा रिअ‍ॅक्शनमध्ये रक्तात वाढणारा पदार्थ) रक्ततपासणी होते का तेही दवाखान्यात विचारा, नंतर ती पातळी उतरते. स्किन टेस्ट मात्र साधारण महिन्याभराने.

आमच्या वहीची बावीस पानं भरलीत, रिअ‍ॅक्शनचं कारण अजून मिळालेलं नाही. पण तिसऱ्या वेळी ह्यांचे तळहात खाजले तेव्हा सासूबाई आमसुलाच्या बरणीकडे नाही गेल्या, लाल डबा घेऊन आल्या.