पाच-सहा वर्षांच्या मुलासोबत रोल-प्लेइंगचा पहिला डाव

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा स्टार्टर सेट हौसेने आणला असेल तर तूर्त माळ्यावर टाका. १९७४ पासूनचा हा रोल-प्लेइंगचा खेळ (एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं होऊन काय करायचं ते ठरवायचं) उत्तमच आहे, पण खोक्यावर १२ वर्षांपुढे असं छापलंय ते उगाच नाही. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात बेरीज करायची, ती आणखी कुठल्या आकड्याशी ताडून बघायची, एवढ्यात पहिलीतलं पोर गोष्टच विसरतं. भातुकली त्याला येतेच. तिला फासा जोडायचा, बस्स.

लागतात ल्यूडोचे दोन फासे, माणशी तीन चिंचोके (घरात रांगतं बाळ असेल तर चिंचोके आणि फासे त्याच्या हाती लागू देऊ नका) आणि ए-फोर कागदाचा पाव तुकडा. त्यावर मुलाने आपलं पात्र काढायचं. खाली त्या पात्राला छान जमणाऱ्या दोन गोष्टी लिहा: झाडावर चढणं, प्राण्यांशी बोलणं, असं काहीही. माळ्यावर चढलाच आहात तर दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळेही खाली काढा, सोंगट्या म्हणून झकास चालतात.

नियम असा: ४, ५ किंवा ६ पडलं की जमलं. काम त्या दोन गोष्टींपैकी असेल तर दोन्ही फासे टाकून मोठा आकडा धरायचा. एका फाशाने निम्म्या वेळा जमतं, दोन फाशांनी चारातल्या तीन वेळा. हा फरक मुलाला न सांगताही कळतो.

घोळ होतो तो १, २, ३ पडल्यावर. "नाही उघडलं दार" म्हणालात की गोष्ट तिथेच अडते, मूल गुपचूप फासा उलटवतं आणि रडीचा डाव सुरू होतो. चूक त्याची नाही, तुम्ही त्याला करायला काही ठेवलंच नाहीत. त्यापेक्षा म्हणा, "दार उघडलं, पण असं करकरलं की आतला कुत्रा जागा झाला. तुझ्याकडेच बघतोय. काय करतेस?" कुत्रा चावलाच तर एक चिंचोका गेला. तिन्ही गेले तरी मरण नाही. पात्र दमून झोपतं, पुढच्या प्रसंगात ताजंतवानं उठतं.

"काय करतेस?" विचारल्यावर मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प बसा. मोठ्यांना नेमकं हेच जमत नाही. तरीही उत्तर आलं नाही तर दोन पर्याय द्या. "मी उडतो आणि सगळ्यांना मारून टाकतो" आलं, तर नाही म्हणू नका. पंख कुठून आणलेस, ते विचारा आणि फासा हातात द्या.

प्रत्येक गोष्टीला मात्र फासा नको. जमलं तरी मजा आणि फसलं तरी मजा, अशाच जागी टाकायचा. वीस मिनिटांत पाच-सहा वेळा पुरे. गोष्टीला एक हरवलेली वस्तू, एक जागा आणि काहीतरी हवं असलेला एक प्राणी एवढं बास. राक्षस दुष्ट असण्यापेक्षा भुकेला बरा, त्याच्याशी बोलता येतं. दोन भावंडं असतील तर धाकट्याला आधी विचारा, नाहीतर ते थोरल्याचंच उत्तर देतं.

वीस मिनिटं झाली की ऐन रंगात असलात तरी थांबा. किती चिंचोके उरले ते कागदामागे लिहून ठेवा. तुम्ही विसराल, ते विसरणार नाही.